दुधासाठी शेळ्या घेताय? पावसाआधी आणा, आणि दोनच आणा

दुधासाठी शेळीपालन सुरू करायचं असेल तर पाऊस लागण्याच्या महिनाभर आधी शेळ्या दारात यायला हव्यात. नवी जागा, नवा चारा अंगवळणी पडायला तेवढे दिवस लागतातच. सुरुवात दोनच शेळ्यांनी करा. एकटी शेळी दिवसभर ओरडते, चाऱ्याला तोंड लावत नाही. आणि दहा आणल्या तर नवख्या माणसाचं एकीकडेही धड लक्ष राहत नाही.

रंगरूप बघून शेळी घेऊ नका, कास बघून घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या वेताची, अलीकडे व्यालेली शेळी निवडा. संध्याकाळी तुमच्यासमोर पूर्ण पिळायला सांगा आणि सकाळी पुन्हा जाऊन स्वतः धार काढा. दूध तुंबवून फुगवलेली कास यातूनच कळते. पिळल्यावर चांगली कास रिकाम्या पिशवीसारखी मऊ पडते. हाताला गाठ लागली, एक सड गरम वाटला किंवा पहिल्या धारेत गुठळ्या आल्या, तर कितीही स्वस्त असो, परत फिरा. ब्रुसेलोसिससाठी रक्त तपासून घ्या. हा आजार कच्च्या दुधातून माणसालाही होतो, म्हणून दूध उकळूनच प्यायचं.

पावसाळ्यात जिवावर उठतात ते जंत. त्यांच्या अळ्या ओल्या गवताच्या बुडाशी असतात, त्यामुळे दव सुकल्याशिवाय चरायला सोडू नका आणि आखूड गवतापेक्षा झाडपाल्यावर भर द्या. आठवड्यातून एकदा शेळीची खालची पापणी ओढून बघा. आतून लालसर असेल तर ठीक. फिकट, पांढरट दिसली तर जंतांनी रक्त शोषलेलं असू शकतं, त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवा. जंतनाशक मात्र उगाच दर महिन्याला पाजू नका, जंत औषधाला दाद देईनासे होतात. आधी लेंड्या तपासा, मग वजनाप्रमाणे मात्रा द्या. कोवळं हिरवं गवत एकदम पोटभर खाल्लं की आंत्रविषाराचा, म्हणजे आतड्यात विष तयार होण्याच्या आजाराचा, धोका असतो. त्याची लस पाऊस लागण्याआधीच टोचून घ्या.

शेळी थंडी सोसते, ओल सोसत नाही. बसायची जागा उंच आणि कोरडी हवी, दर शेळीला 10 ते 15 चौरस फूट. खुराक, म्हणजे चाऱ्याशिवायचं भरड-पेंडीचं खाणं, लिटरभर दुधामागे 300 ते 400 ग्रॅम पुरतो, पण तो आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा.

धार रोज ठरलेल्या वेळी, शक्यतो बारा तासांच्या अंतराने काढा. बोकड दुभत्या शेळ्यांपासून लांब बांधा, त्याचा वास दुधाला लागतो. शेळी फळवली, म्हणजे बोकड दाखवला, की तारीख लिहून ठेवा. सुमारे 150 दिवसांनी ती विते. त्याआधीचे दोन महिने तिला आटवून, म्हणजे धार काढणं बंद करून, पूर्ण विश्रांती द्या, आणि करडू जन्मलं की तासाभरात त्याच्या पोटात चीक जाईल हे बघा.