उन्हाळ्यातील सशांचे मूत्रविकार: पाणी, लसूणघास आणि मूत्राशयातील गाळ

मार्च ते मे या महिन्यांत ससापालकांचे सगळे लक्ष उष्माघाताकडे असते आणि ते योग्यच आहे. परंतु याच काळात पाणी कमी पडल्यामुळे आणि हिरवा चारा म्हणून केवळ लसूणघास दिल्यामुळे मूत्राशयाचे जे दुखणे हळूहळू तयार होते, ते बहुधा ससा खाणे सोडतो तेव्हाच मालकाच्या ध्यानात येते. घरी हौसेने पाळलेले एक-दोन ससे असोत किंवा शेडमधील पन्नास पिंजरे असोत, पुढील सल्ला दोघांनाही लागू आहे.

सशाचे शरीर कॅल्शियमच्या बाबतीत इतर जनावरांपेक्षा वेगळे वागते. गाय, शेळी किंवा कुत्रा आतड्यातून गरजेपुरतेच कॅल्शियम शोषतो. ससा मात्र चाऱ्यात जितके असेल त्या प्रमाणात शोषत जातो आणि जास्तीचे मूत्रपिंडावाटे बाहेर टाकतो. बहुतेक सस्तन प्राण्यांत मूत्रावाटे बाहेर पडणारे कॅल्शियम २ टक्क्यांहून कमी असते, तर सशात हे प्रमाण ४५ ते ६० टक्के मानले जाते. त्यामुळे सशाची लघवी मुळातच गढूळ असते, आणि ती वाळल्यावर ट्रेवर चुन्यासारखा पांढरा थर दिसला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पाणी कमी पडले, लघवी घट्ट झाली आणि ससा लहान पिंजऱ्यात बसून राहिला, की हेच क्षार मूत्राशयाच्या तळाशी साचून त्यांचा गाळ आणि पुढे खडा तयार होतो.

रोगाची ओळख ट्रेवरूनच होते. आठवड्यातून एकदा ट्रेमध्ये रात्रभर कोरा कागद अंथरावा आणि सकाळी पाहावे. पातळ, गढूळ, पिवळी ते नारिंगी लघवी ठीक आहे. टूथपेस्टसारखी घट्ट, बोटांत चोळल्यास खरखरीत लागणारी लघवी ठीक नाही. वारंवार बसून थेंब-थेंब लघवी करणे, त्या वेळी पाठीला कुबड काढणे, दात करकर वाजवणे, मागच्या पायांमधील केस सतत ओले राहून तेथील कातडी लाल होणे, नेहमीच्या जागेऐवजी कोठेही लघवी होणे, ही सर्व दुखण्याची लक्षणे आहेत. जोर करूनही सकाळपासून संध्याकाळपर्यंत लघवी झालीच नसेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. मूत्रमार्गात खडा अडकलेला असू शकतो.

लाल लघवीविषयी गैरसमज फार आहेत. चाऱ्यातील रंगद्रव्यांमुळे निरोगी सशाची लघवीही एक-दोन दिवस विटकरी किंवा लालसर होते, आणि केवळ रंगावरून रक्त आहे की नाही हे अनुभवी माणसालाही सांगता येत नाही. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या लघवी तपासणीच्या पट्टीवर रक्ताची खूण उमटते का, ते पाहावे. तीन वर्षांवरील मादीत रक्त आढळले, तर ते मूत्राशयातून नसून गर्भाशयातील गाठीतून येत असण्याची शक्यता मोठी असते, म्हणून अशा मादीची तपासणी टाळू नये.

उपचार पशुवैद्यकाकडूनच करून घ्यावेत. सशातील खडे कॅल्शियमचे असल्याने क्ष-किरण चित्रात स्पष्ट दिसतात. तालुक्याच्या दवाखान्यात ही सोय नसल्यास परळ, शिरवळ, नागपूर, परभणी किंवा उदगीर यांपैकी जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आधी फोनवर चौकशी करून मगच ससा न्यावा. गाळ असल्यास सलाइन, वेदनाशामक आणि भूल देऊन मूत्राशय धुणे, खडा मोठा असल्यास शस्त्रक्रिया, असा साधारण मार्ग असतो. शेळीसाठी आणलेले किंवा घरातील माणसांचे उरलेले प्रतिजैविक सशाला कधीही पाजू नये. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, लिंकोमायसिन यांसारखी औषधे तोंडावाटे दिल्यास आतड्यातील उपयुक्त जिवाणू मरतात आणि ससा मूळ आजाराऐवजी औषधानेच दगावतो. लघवी आम्लधर्मी करण्याचे घरगुती उपायही सशात व्यर्थ जातात, कारण त्याची लघवी स्वभावतःच अल्कधर्मी असते. दवाखान्यात नेताना ससा उपाशी ठेवू नये. वाटेतही गवत आणि पाणी सोबत असावे.

प्रतिबंधात पहिले स्थान पाण्याचे. सशाला दर किलो वजनामागे दिवसाला ५० ते १५० मिली पाणी लागते. म्हणजे अडीच किलोच्या सशासाठी पाव लिटर हा साधा हिशेब धरावा, आणि उन्हाळ्यात किंवा पिले पाजणाऱ्या मादीसाठी त्याहून पुष्कळ अधिक. निपल (दाबल्यावर पाणी सोडणारी तोटी) असलेल्या शेडमध्ये रोज सकाळी प्रत्येक निपल बोटाने दाबून पाहावे, कारण बोअरच्या जड पाण्याचे क्षार बसून ते बंद पडतात आणि बाहेरून काही कळत नाही. छतावरील काळ्या टाकीतून दुपारी येणारे गरम पाणी ससे पीत नाहीत. टाकी सावलीत घ्यावी किंवा पाइपवर ओले गोणपाट गुंडाळावे. जड मातीचे उथळ भांडे सर्वांत चांगले, कारण ससा बाटलीपेक्षा भांड्यातून अधिक पाणी पितो. हिरवा चारा धुऊन ओलसरच घालावा.

दुसरा मुद्दा लसूणघासाचा, जिला काही भागांत मेथीघास म्हणतात. ती वाईट नाही. वाढत्या पिलांना आणि दूध पाजणाऱ्या मादीला ती उपयोगीच आहे. मात्र तिच्यात गवताच्या दुपटी-तिपटीने कॅल्शियम असते, आणि नुसत्या बसून असलेल्या प्रौढ सशाला ती पोटभर देणे म्हणजे खड्याची सोय करणे होय. शेवग्याचा पालाही याच पंक्तीतला आहे. प्रौढ सशाच्या आहारात दिवाळीनंतर कापून वाळवलेले, बुरशी नसलेले मारवेल किंवा तत्सम गवत मुख्य असावे आणि हा बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा. गाई-म्हशींचे खनिज मिश्रण आणि चाटण-वीट प्रौढ सशांच्या पिंजऱ्यातून काढून टाकावी.

लठ्ठ आणि न हलणाऱ्या सशात गाळ लवकर साचतो, म्हणून त्याला रोज सकाळी ऊन वाढण्यापूर्वी किंवा संध्याकाळी तासभर मोकळे सोडावे. ज्या सशाचा मागचा भाग लघवीने भिजलेला राहतो, त्याचे तेथील केस कातरून जागा कोमट पाण्याने धुवावी आणि पूर्ण कोरडी करावी. पहिल्या वळवानंतर माश्या वाढल्या की अशाच जागी अंडी घालतात आणि दिवसभरात अळ्या पडतात. जून लागेपर्यंत असा प्रत्येक ससा दिवसातून दोनदा उचलून, उलटा करून पाहावा.