बांध, माळ आणि चोपण : सोलापुरात कुठे काय लावाल

मृगाचा पहिला शिडकावा झाला की रोपवाटिकांत गर्दी होते आणि जे रोप स्वस्त मिळेल तेच बांधावर जाते. आपल्या जिल्ह्यात वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातही भरवशाचा तो सप्टेंबरात, उत्तरा-हस्तात. मधली उघडीप सोसून पुढचा मे महिना काढेल असेच झाड हवे. म्हणून आधी दीड-दोन फूट खणून मुरूम कितीवर लागतो ते पाहा.

वीतभर मातीखाली मुरूम असेल तर अंजन गवत आणि स्टायलो (शेंगवर्गीय चारापीक) मिसळून पेरा. अंजनाचे बी तुसाळ आणि हलके, वाऱ्यावर उडते. ते ओलसर मातीत कालवून फोका आणि वरून काट्याची फांदी फिरवा. सेंटिमीटरभराहून खोल गेले की उगवण कमी होते. स्टायलोच्या बियांचे कवच कठीण असते. उकळी येण्याआधीच्या गरम पाण्यात चार-पाच मिनिटे ठेवून, गार करून पेरावे. पहिल्या वर्षी जनावरे सोडू नका, गवत फुलोऱ्यावर आले की कापून घाला. अशा जमिनीच्या कडेला सीताफळ, बोर आणि तरवड. तरवडाला कोणी किंमत देत नाही, पण शेळ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत आणि मुरूम तो धरून ठेवतो. मात्र पवन्या, मारवेल यांनी भरलेला जुना माळ असेल तर तो नांगरून झाडे लावू नका. नान्नजचा माळढोक अशाच माळावर जगला, आणि चारा म्हणूनही ते गवत नव्या लागवडीपेक्षा बिनखर्चाचे.

मंगळवेढ्याच्या भारी काळ्या रानात गोष्ट उलटी. ओल टिकते, पण उन्हाळ्यात भेगा पडून कोवळी मुळे तुटतात. बांधावर मारवेलचे ठोंब लावा, उताराला आडवी खसाची (वाळ्याची) ओळ घाला. ठोंबांत वीतभर अंतर पुरे. खसाची मुळे सरळ खोल जातात, त्यामुळे ज्वारीशी फारशी ओढाताण होत नाही. झुडूप हवेच असेल तर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया). ते वर्षातून दोन-तीनदा छाटून पाला सरीत टाकावा, न छाटल्यास सावलीने धाटे बारीक पडतात. निलगिरी बांधावर नकोच. सुबाभूळही शेंगा वाळण्याआधी तोडणे जमणार असेल तरच, एरवी दोन वर्षांत रानभर रोपे होतात.

डाळिंबवाल्यांनी कुंपण जपून निवडावे. करवंद तीन फुटांवर लावले की काटेरी कुंपण होते आणि फळेही मिळतात; वाढ हळू असते, तेवढा धीर हवा. पण कुंपणावर गुळवेल आणि वासनवेल चढू देऊ नका. रात्री फळांना सोंड खुपसून रस शोषणाऱ्या पतंगाच्या अळ्या याच वेलींवर वाढतात. बाग फवारत बसण्याआधी कुंपण साफ करा.

उजनीच्या कालव्याखाली उसाला वर्षानुवर्षे पाणी देऊन जी रानं चोपण (क्षार साठून घट्ट, पाणी न मुरणारी) झाली, तिथे सीताफळ-शेवगा लावून पैसे घालवू नका. पाणी साचले की त्यांची मुळे कुजतात. आधी चर काढा. तोवर खोलगट जागी पॅरा गवत, कडेला करंज.

घराजवळ अडुळसा, निर्गुडी आणि कढीपत्ता बोअरच्या जड पाण्यावरही निभावून नेतात. कण्हेर गोठ्यापासून लांब ठेवा, तिचा पाला जनावरांना विषारी असतो.

लागवडीची घाई करू नका. खड्डे उन्हाळ्यातच घेऊन तापू द्या, रोप मात्र हातभर ओल गेल्यावरच बसवा. पाऊस लांबला तर सप्टेंबर गाठला तरी चालेल, पण मग पहिल्या उन्हाळ्यात दर रोपाशी छिद्राचे मडके पुरावे लागेल. आळ्यात उसाचे पाचट किंवा ज्वारीची धसकटे चार बोटे जाड पसरा, खोडापासून वीतभर सोडून. नाहीतर वाळवी आधी पाचटात आणि मग सालीत शिरते.