ड्युअल बूट करताय? पेनड्राइव्ह लावण्याआधी या चुका टाळा

ड्युअल बूट म्हणजे एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स, दोन्ही बसवणं. समजा, उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) बसवलं, दोन दिवस मजेत वापरलं, मग कामासाठी विंडोज उघडलं तर घड्याळ साडेपाच तास मागे. यावर सीमॉसचा (मदरबोर्डवरचं घड्याळ चालू ठेवणारा) सेल बदलून आणणारे लोक मी पाहिले आहेत. सेलचा काही दोष नसतो. मदरबोर्डवरच्या घड्याळात स्थानिक वेळ आहे असं विंडोज धरून चालतं, लिनक्स मात्र तिथे यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) लिहितं. आणि भारतात या दोन्हींत ५ तास ३० मिनिटांचा फरक. टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल’ कमांडने ‘सेट-लोकल-आरटीसी’ची किंमत १ केली की भांडण मिटतं.

हा त्यातला निरुपद्रवी त्रास. खरा घोळ होतो तो उबुंटूचा इन्स्टॉलर असलेली पेनड्राइव्ह लावण्याआधी, विंडोजमधल्या दोन गोष्टी बघायच्या राहिल्या म्हणून.

पहिली बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्ह कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी विंडोजची सोय. ‘आमचं होम एडिशन आहे, त्यात बिटलॉकर नसतं’ असं म्हणून निश्चिंत राहू नका. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर तेच ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ या नावाने, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केल्यावर आपोआप चालू झालेलं असतं. मग बायॉसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) बंद केलं, की पुढच्या वेळी विंडोज निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती नसेल तर त्या ड्राइव्हवरचा डेटा गेलाच म्हणायचा. म्हणून आधी खात्यातून की कागदावर उतरवून घ्या (त्याच लॅपटॉपवर सेव्ह करणारेही भेटतात!), एन्क्रिप्शन बंद करा आणि ते पूर्ण निघेपर्यंत थांबा. खरं तर उबुंटूसाठी सिक्युअर बूट बंद करायची सहसा गरजच नसते. जुने लेख वाचून लोक उगाच तिथे हात घालतात. फक्त एनव्हिडियाचा (ग्राफिक्स कार्डचा) ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवावा लागू शकतो. रीस्टार्टनंतर निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ निवडून तोच द्यायचा. घाईत पुढे गेलात तर ड्रायव्हर चालणार नाही.

दुसरी गोष्ट फास्ट स्टार्टअप. हे चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं आणि ड्राइव्ह उघडेच ठेवतं. लिनक्समधून डी ड्राइव्ह फक्त वाचता येतोय, लिहिता येत नाही, अशी तक्रार बहुधा इथूनच येते. जबरदस्तीने लिहायला जाऊ नका, फायली बिघडतात. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ती खूण काढा.

जागा विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच ‘श्रिंक’ करून मोकळी करा आणि तशीच सोडा, त्यावर नवा ड्राइव्ह बनवू नका. इन्स्टॉलरमधलं ‘इरेज डिस्क’ म्हणजे पूर्ण डिस्क साफ, मोकळा भाग नव्हे. ईएफआय पार्टिशन (सिस्टिम सुरू करणाऱ्या फायली असलेला डिस्कचा भाग) छोटं, अनेकदा १०० एमबीचं असतं. फालतू समजून ते फॉरमॅट कराल तर विंडोज उठणार नाही.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल, तर इंटेलच्या लॅपटॉपवर व्हीएमडी किंवा आरएसटी (डिस्क हाताळण्याच्या इंटेलच्या पद्धती) चालू असण्याची शक्यता मोठी. मी एकदा बायॉसमध्ये जाऊन ते थेट एएचसीआय (डिस्क हाताळण्याची साधी पद्धत) केलं आणि विंडोजने ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणून हात वर केले. सेटिंग परत जागेवर आणली, सगळं जिवंत झालं. योग्य क्रम असा: आधी विंडोजच्या एमएसकॉन्फिग या साधनातून सेफ बूट लावा, मग बायॉस बदला, एकदा सेफ मोडमध्ये उघडा, मग सेफ बूट काढा.

बसवून झाल्यावर थेट विंडोजच उघडतंय? बायॉसच्या बूट क्रमात उबुंटू वर आणा. उलट ग्रबच्या (सुरुवातीला कोणती सिस्टिम उघडायची ते विचारणाऱ्या लिनक्सच्या मेनूच्या) यादीत विंडोज दिसत नसेल, तर ग्रब २.०६ पासून इतर सिस्टिम शोधणारा ‘ओएस-प्रोबर’ मुळातच बंद असतो. ग्रबच्या सेटिंगमध्ये चालू करून ‘अपडेट-ग्रब’ चालवा. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर ‘एसबॅट’ आणि ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ असा संदेश येऊन अनेकांचं लिनक्स बंद पडलं होतं. जुनी पेनड्राइव्ह वापरताना तोच संदेश दिसला तर ताजी आयएसओ (इन्स्टॉलरची फाइल) उतरवा.

लिनक्स नको झालं म्हणून विंडोजमधून त्याचं पार्टिशन उडवलं, तर सुरुवातीलाच ग्रबचा काळा पडदा येतो. विंडोज जागेवरच असतं: सुरू होताना एफ१२ किंवा एफ९ (कंपनीप्रमाणे बदलतं) दाबा आणि ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडा.