अकरा नावं, एकच मत: कॅलिफोर्नियाच्या प्रायमरीत या चुका टाळा

2024 च्या फेब्रुवारीत ओळखीच्या एक मावशी टपालाने आलेली मतपत्रिका घेऊन आमच्याकडे आल्या. नागरिकत्व नुकतंच मिळालेलं, पहिलंच मतदान. पालो आल्टो, माउंटन व्ह्यू आणि सॅन होजेचा काही भाग ज्यात येतो त्या सोळाव्या मतदारसंघातून काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, एका जागेसाठी अकरा उमेदवार उभे होते. ही प्रायमरी, म्हणजे नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीआधीची निवडीची फेरी. मावशी म्हणाल्या, "यातलं एकही नाव मला ठाऊक नाही रे. तूच सांग, कुणाला देऊ?"

मी सांगणारच होतो, आणि मदत करणाऱ्याची पहिली चूक हीच. गोंधळलेल्या माणसाला आपण आपलं नाव सांगून मोकळे होतो. त्याऐवजी विचारायचं, "तुम्हाला कोणत्या गोष्टीची काळजी वाटते?" मावशींच्या दोनच होत्या: भावाच्या कुटुंबाचा वर्षानुवर्षं रखडलेला व्हिसा आणि औषधांच्या किमती. दोन्ही विषय काँग्रेसच्या अखत्यारीतले, त्यामुळे काम सोपं झालं. कुणी रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल किंवा शाळेबद्दल बोललं, तर त्यासाठी सिटी कौन्सिल आणि स्कूल बोर्डाच्या रकान्याकडे बघायला सांगायचं. पद काय काम करतं हे न बघता माणूस निवडायला गेलं, की अकरा जण सारखेच गोड बोलतात.

"आत्ता कशाला, नोव्हेंबरात बघू" हे मी दर वेळी ऐकतो आणि दर वेळी जीव तुटतो. 2012 पासून इथे राज्याच्या पदांसाठी आणि काँग्रेससाठी सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असतात आणि पहिले दोनच पुढे जातात, मग ते एकाच पक्षाचे असले तरी चालतं. त्या मार्चमध्ये सोळाव्या मतदारसंघात सॅम लिकार्डो पहिले आले. दुसऱ्या जागेवर इव्हान लो आणि जो सिमिटियन यांना प्रत्येकी 30,249 मतं पडली. अगदी बरोबरी! फेरमोजणीनंतर लो 5 मतांनी पुढे गेले. घरात राहून गेलेल्या मतपत्रिकांचा हा हिशोब आहे. नोव्हेंबरात उरलेले दोघेही डेमोक्रॅट होते.

आवडत्या पक्षाचे उमेदवार खूप असले म्हणजे पक्ष बळकट, हाही गैरसमज. 2012 मध्ये सॅन बर्नार्डिनो भागातल्या 31 व्या मतदारसंघात डेमोक्रॅट मतदार जास्त होते, पण त्यांची मतं चार उमेदवारांत फुटली आणि पुढे गेले दोन्ही रिपब्लिकन. उद्या हे उलटंही घडू शकतं. म्हणून मनात दोन-तीन नावं उरली, की त्यांतलं कोण खरोखर शर्यतीत आहे हे जरूर बघा. पण सुरुवातच जनमत चाचण्यांच्या आकड्यांवरून करू नका. आधी आपली चाळणी, मग आकडे.

चाळणी लावताना "सर्वांत चांगला कोण?" इथून निघालात तर रात्र सरेल. "कोण नको?" इथून निघा. मावशींनी कागदावर अकरा नावं लिहिली, इमिग्रेशनवर एक ओळही न लिहिणाऱ्यांवर काट मारली, मग औषधांच्या बाबतीत तेच केलं. चहा होईपर्यंत चार नावं उरली. त्या चौघांनी आधीच्या पदांवर असताना काय केलं, कशावर कसं मत दिलं, एवढंच वाचायचं होतं. नावाखाली जो व्यवसाय छापलेला असतो, तो उमेदवारानेच नियमात बसवून निवडलेला असतो. त्यावर भिस्त ठेवू नका. नावांचा क्रमही अक्षरांच्या सोडतीने ठरतो. वरचं नाव म्हणजे महत्त्वाचं नाव नव्हे.

टपालपेटीत येणाऱ्या रंगीत पत्रकांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यांत जास्त फसगत तिथेच होते. "मतदार मार्गदर्शिका" असं मोठ्या अक्षरात छापलेलं, झेंडा, पक्षाच्या जवळपास जाणारं नाव, खाली शिफारशींची यादी. मावशींना ते सरकारी वाटलं होतं. मी त्यांना चष्मा लावून तळाचा बारीक मजकूर वाचायला सांगितला. काही नावांपुढे छोटी चांदणी होती. तिचा अर्थ, त्या उमेदवाराने यादीत यायला पैसे मोजले आहेत. कायद्यानेच ती खूण छापावी लागते. टीकेच्या पत्रकावरही खर्च कुणी केला ते शोधा. "कोणत्याही उमेदवाराच्या संमतीने नाही" असं लिहिलेलं दिसलं, तर ते बाहेरच्या गटाचं काम. अशा गटांच्या खर्चाला मर्यादा नसते. उमेदवाराला थेट देणगी मात्र त्या निवडणुकीत एका व्यक्तीला 3,300 डॉलरपर्यंतच देता येत होती. कुणाला कुणी किती दिले हे संघीय निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट दिसतं. मी तरी ते बघितल्याशिवाय मत देत नाही.

आपल्या माणसाबद्दल. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार 2022 मध्ये मिशिगनच्या तेराव्या मतदारसंघातून डेमोक्रॅटिक प्रायमरी जिंकले, तेव्हा इथल्या कितीतरी मराठी घरांत आनंद झाला, आमच्याही. तिथे नऊ उमेदवार होते आणि सुमारे 28 टक्के मतांवर निकाल लागला. इतक्या गर्दीत एखाद्या समाजाची एकगठ्ठा मतं निकाल फिरवू शकतात. म्हणूनच आडनाव ओळखीचं दिसलं तरी त्या उमेदवारालाही तीच चाळणी लावा.

नोंदणी करताना "मी कुठल्याच पक्षाचा नाही" म्हणून अनेक जण "अमेरिकन इंडिपेंडंट" वर खूण करतात. तो चक्क एक पक्ष आहे! अपक्ष राहायचं असेल तर "नो पार्टी प्रेफरन्स" निवडा. अध्यक्षपदाची प्रायमरी वरच्या नियमात बसत नाही. तिथे पक्षानुसार मतपत्रिका असते आणि अपक्ष मतदाराला ज्या पक्षाने मुभा दिली असेल, त्याची मतपत्रिका मागून घ्यावी लागते.

मतपत्रिका निवडणुकीच्या सुमारे महिनाभर आधी टपालात पडते. मन पक्कं नसेल तर त्याच दिवशी भरून पाठवू नका. 2020 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाकडून अध्यक्षपदाची उमेदवारी मागणारे पीट बुटिजेज आणि एमी क्लोबुचर 3 मार्चच्या मतदानाच्या एक-दोन दिवस आधी शर्यतीतून बाहेर पडले. त्यांना आधीच पाठवलेली मतं परत घेता आली नाहीत. ठरलं असेल तर मात्र उशीर नको. शेवटच्या दिवशी पत्रपेटीत टाकलं आणि त्या तारखेचा शिक्का बसला नाही तर घोळ होतो, त्या दिवशी ड्रॉप बॉक्स (मतपत्रिका टाकायची अधिकृत पेटी) किंवा मतदान केंद्र गाठा.

चुकून एका पदासाठी जास्त नावांवर खूण झाली तर त्या पदाचं मत बाद होतं, बाकीची मतं मोजली जातात. पाठवण्याआधी लक्षात आलं तर काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) निवडणूक कार्यालयाकडून नवी मतपत्रिका मिळते. एखादं पद कोरं सोडलं तरी काही बिघडत नाही. आणि पाकिटावरची सही. मावशी घरी मराठीत सही करतात, लायसन्सवर इंग्रजीत. नोंदणीच्या वेळी जी सही दिली तीच करायची. जुळली नाही तर काउंटीचं पत्र येतं. ते जाहिरातींच्या गठ्ठ्यात टाकू नका, दिलेल्या मुदतीत सही करून परत पाठवा, म्हणजे मत मोजलं जातं.