केशवाहिनीतला दाब मोजताना या चुका टाळा

सर्वांत महागात पडणारी चूक कागदावरच होते. धमनीचा दाब १००, शिरेचा १०, म्हणजे त्यांच्यामधल्या केशवाहिनीतला (सर्वांत बारीक रक्तवाहिनीतला) दाब अमुक, असे एकाच ठरीव गुणोत्तरावरून काढले जाते. केशवाहिनीआधी आणि नंतर रक्तप्रवाहाला होणारा रोध ४:१ असेल, तर उत्तर येते २८ मिमी पारा. धमनिकांचे (केशवाहिनीआधीच्या बारीक धमन्यांचे) स्नायू सैल पडून गुणोत्तर २:१ झाले, तर तेच ४०. आवळून ८:१ झाले, तर २०. दोन्ही टोकांचे दाब तसूभरही हललेले नसतात, हे ध्यानात घ्या. म्हणून रोधांचे गुणोत्तर त्या प्रयोगात, त्या वेळी मोजा. दुसऱ्याच्या तक्त्यातून उचलू नका.

पॅपेनहायमर आणि सोटो-रिव्हेरा यांनी १९४८ मध्ये प्राण्याच्या शरीरापासून वेगळ्या केलेल्या मागच्या पायावर वापरलेली स्थिर-वजन पद्धत यातून बरीचशी वाट काढते. धमनीचा दाब टप्प्याटप्प्याने उतरवायचा आणि पायाचे वजन स्थिर राहील (द्रव झिरपून ते वाढणार वा घटणार नाही) इतका शिरेचा दाब चढवायचा. मग शिरेचा दाब आणि प्रवाह यांचा आलेख शून्य प्रवाहापर्यंत वाढवला की हवा तो दाब मिळतो. इथे धमनिकांच्या स्नायूंचा ताण बदलला तरी चालतो. शिरांकडचा रोध मात्र बदलता कामा नये. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे धमनिका आवळणारे द्रव्य शिराही आवळते, त्यामुळे ते मध्येच दिले तर आधीचे आणि नंतरचे बिंदू एका रेषेत जोडू नयेत. प्रवाह फार मंदावला की रक्त दाट वागते आणि रेषा वाकते. ते शेवटचे बिंदू सोडून द्या.

शिरेचा दाब वाढवताच वजन झपाट्याने चढते, ते बहुतांशी शिरा फुगल्यामुळे. गाळण, म्हणजे केशवाहिनीतून द्रव बाहेर झिरपणे, दिसते ती त्यानंतरच्या संथ चढात. शिवाय भिंतीवर ताण पडला की धमनिका आपणहून आवळतात (बेलिस, १९०२), म्हणून केशवाहिनीतला दाब अपेक्षेपेक्षा कमी वाढतो. हे टाळायला पापाव्हरिन हे वाहिन्या सैल करणारे औषध देतात. द्या, पण मिळालेला आकडा सैल वाहिन्यांचा आहे, हे नोंदवहीत लिहा.

धमनी आणि शिरा दोन्हीकडे एकदम चिमटा लावून दाब पाहताना धमनीचा चिमटा मागे राहिला तर रक्त आत येत राहते आणि आकडा फुगतो. शिरेचा मागे राहिला तर उतरतो.

नखाच्या कडेच्या केशवाहिनीत सूक्ष्मनळी घालताना हात हृदयाच्या पातळीवर असावा. साधारण १३ सेंमी खाली गेला तर रक्ताच्या स्थिर स्तंभाचेच १० मिमी चढतात. हात लोंबकळत ठेवला तर धमनिकाही आवळतात. बोट गरम असेल तर त्या सैल पडून दाब वाढतो, म्हणून त्वचेचे तापमान नोंदवा. लँडिस यांना १९३० मध्ये धमनीकडच्या टोकाला सुमारे ३२ आणि शिरेकडच्या टोकाला १२ मिमी मिळाले होते, तेव्हा टोक कुठे होते हे न लिहिलेला आकडा वापरता येत नाही. नाडीचे ठोके अचानक बोथट झाले तर आधी नळीचे टोक चोंदले का ते पाहा, मग धमनिकांच्या ताणाला दोष द्या.