व्हाइस सिटीच्या रेडिओवर आपली गाणी : एमपीथ्री फाइल कशी तयार करावी

‘ग्रँड थेफ्ट ऑटो : व्हाइस सिटी’ हा गेम २००३ साली संगणकावर आला. त्यातील गाडीत बसले की रेडिओ सुरू होतो आणि त्यावर सात संगीताची व दोन गप्पांची अशी नऊ केंद्रे ऐकायला मिळतात. याखेरीज एक जागा खेळणाऱ्यासाठी राखून ठेवलेली आहे. गेम ज्या फोल्डरमध्ये बसवला आहे, त्यातच ‘एमपीथ्री’ नावाचे एक फोल्डर असते आणि त्यात ठेवलेली गाणी एका स्वतंत्र केंद्राप्रमाणे वाजतात. समुद्रकाठच्या रस्त्यावरून गाडी चालवताना एखादे जुने भावगीत लागले की त्या परक्या शहराशी एकदम घरोबा जुळतो, म्हणून ही सोय मला फार मोलाची वाटते. मात्र आज आपल्याकडे असलेली बहुतेक गाणी ज्या स्वरूपात आहेत, ते स्वरूप या गेमला ठाऊक नाही. त्यामुळे ती आधी रूपांतरित करावी लागतात.

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करतो. एम४ए, ओपस किंवा फ्लॅक (ही गाणी साठवण्याची इतर स्वरूपे) फाइलच्या नावातील शेवटची अक्षरे पुसून तेथे ‘एमपीथ्री’ लिहिल्याने फाइल बदलत नाही. फक्त तिच्यावरची पाटी बदलते. आजचे प्लेअर फाइलच्या आत डोकावून तिचे खरे स्वरूप ओळखतात आणि ती वाजवतात, म्हणून रूपांतर झाले असे आपल्याला वाटते. गेमपाशी ही समजूत चालत नाही. आवाज खरोखर उलगडून नव्याने एमपीथ्रीत बांधावा लागतो.

ज्या फाइली आधीच एमपीथ्री आहेत, त्यांना मात्र उगाच हात लावू नये. मीडियाइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये फाइल उघडली की तिचा बिटरेट (एका सेकंदाच्या आवाजासाठी वापरलेली माहिती), तो कायम आहे की बदलता, आणि सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले) किती हे दिसते. बिटरेट कायम आणि सॅम्पल रेट ४४,१०० असेल, तर फाइल तशीच उचलून फोल्डरमध्ये ठेवावी. एमपीथ्री पुन्हा एमपीथ्रीत बांधताना दर वेळी आवाजाचा काही अंश कायमचा जातो आणि झांजा, टाळ, सतारीची तार यांसारख्या तीक्ष्ण नादांत तो चटकन जाणवतो. याच कारणासाठी एकाच गाण्याची फ्लॅक आणि एम४ए अशी दोन रूपे हाताशी असतील, तर रूपांतरासाठी नेहमी फ्लॅक घ्यावे, कारण त्यात मूळ आवाजाचा अंश गळालेला नसतो.

रूपांतरासाठी मी ऑडॅसिटी हा ध्वनी संपादनाचा प्रोग्राम वापरतो. तो मोफत आहे आणि एमपीथ्री बांधण्याची सोय त्यात अंगचीच आहे. एम४ए फाइली उघडण्यासाठी मात्र एफएफएमपेग हा पूरक संच वेगळा बसवावा लागतो. गाणे उघडल्यावर आधी सुरुवातीची आणि शेवटची रिकामी शांतता निवडून काढून टाकावी, कारण रेडिओवर दोन गाण्यांमध्ये आठ-दहा सेकंद काहीच ऐकू आले नाही तर केंद्र बंद पडले असे वाटते. त्यानंतर आवाजाची पातळी पाहावी. जुन्या कॅसेटवरून उतरवलेले गाणे हळू असते आणि अलीकडचे बरेच मोठे, म्हणून सर्व गाण्यांवर ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ हा इफेक्ट एकाच आकड्याने चालवावा; मी उणे १६ एलयूएफएस (कानाला जाणवणारी पातळी मोजण्याचे एकक) ठेवतो. तेवढे केले की गाणे बदलल्यावर आवाज कमी-जास्त करण्यासाठी खेळ थांबवावा लागत नाही.

आता एक्स्पोर्ट. स्वरूप एमपीथ्री, सॅम्पल रेट ४४,१०० हर्ट्झ, दोन चॅनेल, आणि बिटरेटच्या पर्यायांत ‘कॉन्स्टंट’ (कायम) निवडून १२८ किंवा १९२ (किलोबिट प्रतिसेकंद) असा आकडा द्यावा. ओपस फाइली साधारणतः ४८,००० हर्ट्झवर उघडतात, त्यामुळे तो आकडा न विसरता बदलावा. १२८ च्या बिटरेटने एका मिनिटाला साधारण एक मेगाबाइट जागा लागते. तेच गाणे डब्ल्यूएव्ही स्वरूपात ठेवले, तर मिनिटाला दहा मेगाबाइटहून अधिक जागा जाते.

बिटरेट कायम ठेवण्याचा आग्रह का, हे समजून घेण्यासारखे आहे. या गेममधील रेडिओ खऱ्या रेडिओसारखा चालतो. आपण गाडीतून उतरून दोन मिनिटांनी परत बसलो, तर गाणे तेवढेच पुढे सरकलेले असते. त्यासाठी गेमला प्रत्येक फाइलची लांबी आधी ठाऊक असावी लागते आणि गाण्याच्या मध्यावर नेमकी उडी मारता यावी लागते. बिटरेट एकसारखा असेल, तर फाइलच्या आकारावरून हा हिशेब सरळ भागाकाराने निघतो. तो क्षणाक्षणाला बदलत असेल, तर हिशेब चुकतो. माझ्या संग्रहातील बदलत्या बिटरेटची काही गाणी अर्ध्यावरच तुटत असत; तीच कायम बिटरेटने पुन्हा बांधल्यावर पूर्ण वाजू लागली.

एक्स्पोर्टच्या वेळी माहितीच्या टॅगची (गाणे, गायक वगैरे नोंदींची) चौकट उघडून ती रिकामी करावी. गेम गायकाचे वा गाण्याचे नाव कोठेच दाखवत नाही. फाइलला चिकटलेले मुखपृष्ठाचे मोठे चित्र हेही जुन्या प्लेअरला अडचणीचे ठरू शकते, परंतु ऑडॅसिटी ते चित्र नव्या फाइलीत उतरवतच नाही.

फाइलचे नाव रोमन अक्षरांत आणि आटोपशीर ठेवावे. देवनागरी नावे या गेमच्या काळातील पद्धतीने वाचली जात नाहीत. अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात आणि त्या नावाची फाइल गेमला सापडत नाही. नावाआधी दोन आकडी क्रमांक दिल्यास क्रमही आपल्या हाती राहतो.

तयार फाइली फोल्डरमध्ये ठेवताना विंडोजचे संरक्षण आडवे येऊ शकते. गेम ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये बसवलेला असेल, तर तेथे काही लिहिण्यास मज्जाव असतो, म्हणून तो दुसऱ्या ड्राइव्हवर साध्या फोल्डरमध्ये बसवणे सोयीचे. जागा वाचवायची असल्यास गाण्याऐवजी त्याचा शॉर्टकट ठेवला तरी गेम तो ओळखतो.

प्रारंभी एकच गाणे ठेवून गेम सुरू करावा आणि ऑडिओच्या सेटिंगमध्ये रेडिओ केंद्र म्हणून एमपीथ्री प्लेअर निवडावा. गाणे वाजले नाही, तर गेममधून बाहेर पडून तेच फोल्डर उघडावे. गेम तेथे स्वतःच एक छोटी मजकुराची अहवाल फाइल तयार करतो आणि त्यात सापडलेल्या गाण्यांची नोंद असते. कोणत्या फाइलने दगा दिला हे त्यावरून कळते, आणि मग बाकीची शंभर गाणी नाहक पुन्हा बांधावी लागत नाहीत.

गेमची मूळ केंद्रेच बदलण्याचा मोह काहींना होतो. ती ‘एडीएफ’ फाइलींत आहेत आणि आतून एमपीथ्रीच आहेत. केवळ प्रत्येक बाइटवर ३४ या आकड्याने एक्सॉर ही (दोन संख्यांचे बिट एकेक करून ताडणारी) क्रिया केलेली आहे. एमपीथ्रीतील २५५ तेथे २२१ होतो, आणि तीच क्रिया पुन्हा केली की २५५ परत मिळतो. म्हणजे वाट अवघड नाही. तरीही निवेदकांची बडबड, खोट्या जाहिराती आणि गेमच्या कथेतला १९८६ चा काळ ज्या ध्वनिफितींनी उभा केला आहे, त्या पुसून तेथे आपली गाणी भरू नयेत असे मला मनापासून वाटते. करायचेच असेल, तर मूळ फाइलींची प्रत आधी वेगळ्या ठिकाणी ठेवावी. नंतरच्या काही आवृत्त्यांतून परवान्याअभावी गाणी वगळली गेली आहेत, तेव्हा जुन्या डिस्कवरील ती फाइल एकदा गेली की सहज परत मिळेलच असे नाही.