गावच्या कौन्सिलवर बोलायचंय? आधी शुक्रवारी अजेंडा उघडा

टोरंटोजवळची ब्रॅम्प्टन-मिसिसागा सोडून कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताच्या लहान गावांत येणारी मराठी कुटुंबं आता बऱ्यापैकी दिसायला लागली आहेत. कुणी घर परवडतं म्हणून येतं, कुणी हॉस्पिटल, मोटेल किंवा ब्रूस पॉवर या अणुवीज केंद्रातल्या नोकरीमुळे. वर्षभरात गावाबद्दल ठाम मतंही तयार होतात: टॅक्स फार, रस्ते भिकार, मेयर कुणाचं ऐकत नाही. मी ब्रूस काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आसपासच्या गावांचा मिळून जिल्ह्यासारखा गट) एका फार्मसीच्या काउंटरवर उभी असते, त्यामुळे अशा मतांचा मला कधीच तुटवडा पडलेला नाही. सोमवारी रात्री कौन्सिलमध्ये ठराव झाला की मंगळवारी सकाळी टिम हॉर्टन्सच्या कॉफीच्या रांगेत प्रत्येक जण तज्ज्ञ असतो. तोच विषय आधीच्या आठवड्यात, शुक्रवारी अजेंड्यावर आलेला असतो, तेव्हा तिकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

म्हणून हे सगळं त्या आधीच्या आठवड्याबद्दल.

सुरुवातीला, आपलं भांडण नेमकं कुणाशी आहे ते ठरवा. हॉस्पिटल आणि शाळा प्रांत सरकारच्या अखत्यारीत येतात. २०२२ च्या शरद ऋतूत आमच्या काउंटीतल्या चेस्लीच्या हॉस्पिटलची इमर्जन्सी नर्सेस नाहीत म्हणून काही आठवडे पूर्ण बंद होती. तेव्हा लोक कौन्सिलरना धारेवर धरत होते, पण कौन्सिलरच्या हातात फक्त पत्र लिहिणं होतं. तिथे आपल्या एमपीपीला, म्हणजे प्रांताच्या विधानसभेतल्या आमदाराला गाठायचं. ॲम्ब्युलन्स, वृद्धाश्रम आणि आमच्याकडे वाचनालयसुद्धा काउंटी चालवते. एखादा रस्ता गावातून जात असला तरी तो काउंटीचा असू शकतो, आणि मग त्यावरच्या खड्ड्याबद्दल गावच्या ऑफिसात ओरडून उपयोग नाही. काउंटी कौन्सिलवर वेगवेगळ्या गावांचे मेयर बसतात, तेव्हा आपला मेयर तिथे जाऊन काय बोलतो हेही बघत जा. गावात काटकसरीची भाषणं करणारा माणूस तिकडे सढळ हाताने मत देताना सापडतो.

आता टॅक्स. बिलात तीन वाटे असतात: गाव, काउंटी आणि शिक्षण. शिक्षणाचा दर प्रांत ठरवतो, राहत्या घरांसाठी तो २०२० पासून ०.१५३ टक्के आहे. ‘घरांचे भाव वाढले म्हणून टॅक्स वाढला’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता औषधाच्या लेबलावरून नजरही काढत नाही. ऑन्टारिओत घरांचं मूल्यांकन अजून १ जानेवारी २०१६ च्या किमतीवर चालतं. २०२० साली व्हायचं फेरमूल्यांकन पुढे ढकललं, ते राहूनच गेलं. घर वाढवलं-बांधलं नसेल तर तुमचा आकडा तोच आहे. टॅक्स वाढतो तो बहुतेक वेळा गावाने गोळा करायची एकूण रक्कम, म्हणजे लेव्ही, वाढते म्हणून.

इथेच खरी मेख आहे. कुणी म्हणालं ‘यंदा चार टक्के वाढ’, तर लगेच विचारा: कशाची? लेव्हीची? गावात नवीन घरं झाली, त्यांचा टॅक्स वजा करून उरलेली वाढ? की काउंटी आणि शिक्षण मिसळून आलेला सरासरी आकडा? तिन्ही आकडे खरे असतात, आणि राजकारणी आपल्या सोयीचा निवडतात. बजेटच्या कागदात तिन्ही सापडतात, फक्त बातमीत एकच येतो.

शून्य टक्के वाढीचं बजेट आणल्याबद्दल पाठ थोपटून घेणाऱ्या मेयरचं मला अजिबात कौतुक नाही. ऑन्टारिओत गावाला रोजच्या खर्चासाठी तूट दाखवता येत नाही. तेव्हा पैसे वाचले म्हणजे कुठला तरी मोठा खर्च ढकलला गेला, आणि ढकलण्यासाठी हमखास निवडले जातात ते रस्त्याखालचे कल्व्हर्ट (पाणी जायच्या मोऱ्या), पूल आणि जुने पाइप. त्यांना मत नसतं. गावाच्या ॲसेट मॅनेजमेंट प्लॅनमध्ये, म्हणजे रस्ते-पूल-पाइप सांभाळायच्या आराखड्यात, दर वर्षी किती पैसे लागतात आणि किती बाजूला पडतात ते लिहिलेलं असतं. असा प्लॅन करणं गावांना कायद्याने बंधनकारक आहे आणि तो वेबसाइटवर असतो. दोन आकड्यांतलं अंतर बघा आणि मग शून्य टक्क्यांवर टाळ्या वाजवायच्या की नाही ते ठरवा.

पोलिसांचं बिल मात्र वेगळं प्रकरण. ज्या गावांना स्वतःचं पोलीस दल नाही त्यांना ओपीपीचे, म्हणजे प्रांताच्या पोलिसांचे पैसे भरावे लागतात आणि तो हिशोब प्रांत करतो. २०२५ साठी बिलं एवढी फुगली की प्रांताला सवलत जाहीर करावी लागली. त्या ओळीवरून कौन्सिलरला झापणं अन्याय आहे.

अजेंडा कसा वाचायचा? पॅकेज शंभर-दोनशे पानांचं असतं, सगळं वाचायची गरज नाही. गावाच्या कर्मचाऱ्यांनी लिहिलेल्या स्टाफ रिपोर्टमध्ये शिफारस बहुतेक सगळ्यात वर असते आणि खर्चाचा परिच्छेद शेवटी. मी आधी शेवट वाचते. ‘रिझर्व्हमधून’, म्हणजे राखून ठेवलेल्या पैशांतून, असं दिसलं की तो रिझर्व्ह कशासाठी ठेवला होता ते शोधते. मधल्या भागात पर्याय दिलेले असतात. दुसरा पर्याय मुद्दाम लंगडा लिहिलाय की काय, हे चार-सहा रिपोर्ट वाचले की ओळखता येतं. मग ‘कन्सेंट अजेंडा’ बघा. त्यातले सगळे विषय चर्चेविना एका झटक्यात मंजूर होतात, पण कुठल्याही कौन्सिलरला त्यातला एखादा बाहेर काढून चर्चेला घेता येतो. तुम्ही आदल्या दिवशी फोन केलात तर तो काढतो. मीटिंग संपल्यावर फोन केलात तर सहानुभूती दाखवतो.

कंटाळवाण्या कागदांपैकी एक तरी वाचाच: पाण्याचा वार्षिक अहवाल. वॉकर्टन आमच्याच काउंटीत आहे. मे २००० मध्ये मोठ्या पावसानंतर शेतातलं शेण गावाच्या एका विहिरीत झिरपलं, ई. कोलाय हा जंतू नळाला आला, सात माणसं गेली आणि दोन हजारांहून जास्त आजारी पडली. जेमतेम पाच हजारांचं गाव ते. न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशीत निघालं की क्लोरीनच्या नोंदी वर्षानुवर्षं खोट्या भरल्या जात होत्या, आणि प्रांताच्या तपासणीतही ते सुटलं होतं. त्यातून २००२ चा पिण्याच्या पाण्याचा कायदा आला. आता आदल्या वर्षाचा अहवाल दर वर्षी ३१ मार्चच्या आत कौन्सिलसमोर ठेवावा लागतो, आणि २०१२ च्या अखेरीपासून पाण्याच्या देखरेखीत हयगय केली तर कौन्सिल सदस्यावर वैयक्तिक जबाबदारी येऊ शकते. एवढं होऊनही हा अहवाल मी कन्सेंट अजेंड्यात, वाचनालयाच्या आभारपत्राच्या शेजारी पडलेला पाहिलाय. त्यात नमुना कधी खराब आला, कळवलं कधी आणि दुरुस्ती काय केली, या तीन गोष्टी शोधा.

दारं बंद करून होणाऱ्या बैठकींबद्दल लोक फार रागावतात. काही बैठका बंद होणं रास्तच आहे: कर्मचाऱ्याची वैयक्तिक बाब, जमिनीची खरेदी-विक्री, कोर्टातली प्रकरणं, वकिलाचा सल्ला. म्युनिसिपल ॲक्टच्या कलम २३९ मध्ये ही यादी आहे. आत जाण्यापूर्वी कारण जाहीर ठरावात सांगावं लागतं आणि आत बसून प्रक्रियेपुरतं किंवा स्टाफला सूचना देण्यापुरतंच मतदान करता येतं. कारण पटलं नाही तर तक्रार करता येते. गावाने वेगळा तपासनीस नेमला नसेल तर ती ऑन्टारिओ ओम्बड्समनकडे, म्हणजे प्रांताच्या लोकायुक्तासारख्या अधिकाऱ्याकडे जाते. ‘सगळं आतल्या आत शिजतंय’ असं मोघम म्हणण्यापेक्षा ‘अमुक तारखेच्या बैठकीला अमुक कारण लागू होत नाही’ असं लिहा, मग उत्तर द्यावंच लागतं. एखादा कागदच हवा असेल तर माहितीच्या अर्जाला पाच डॉलर लागतात. पण आधी गावची कागदपत्रं सांभाळणाऱ्या क्लार्कला सरळ मागून बघा, अर्ध्या वेळा तसाच मिळतो.

क्लार्क ही गावातली सगळ्यात कामाची व्यक्ती. मेयर येतात-जातात, क्लार्कला सगळे नियम पाठ असतात. कौन्सिलसमोर बोलायचं तर डेलिगेशन म्हणून तिच्याकडेच नाव द्यायचं. मुदत आणि वेळ गावोगाव वेगळी, प्रोसीजर बायलॉमध्ये, म्हणजे कौन्सिलच्या कामकाजाच्या नियमांत, लिहिलेली असते. साधारण पाच ते दहा मिनिटं मिळतात. एक लक्षात ठेवा: तुम्ही कौन्सिलला लिहिलेलं पत्र नावासकट अजेंड्यात छापून येऊ शकतं. रागाच्या भरात रात्री अकराला ईमेल पाठवू नका, आणि घराचा पत्ता छापू नये असं क्लार्कला आधीच सांगा.

आमच्या सासूबाईंनी डेलिगेशन केलं ते सांगते. त्या पीआर आहेत, म्हणजे इथल्या कायमच्या रहिवासी पण नागरिक नव्हेत, म्हणून मत नाही, पण बोलायला मत लागत नाही. तक्रार एवढीच होती की वाचनालयाच्या बाजूचा साइडवॉक (फुटपाथ) सगळ्यात शेवटी साफ होतो आणि त्या काठी घेऊन चालतात. आधी आम्ही नियम काढला. ऑन्टारिओच्या किमान देखभाल नियमांप्रमाणे बर्फ पडायचं थांबलं आणि साचलाय हे गावाला कळलं, की ४८ तासांत साइडवॉकवरचा थर ८ सेंटीमीटरवर आणायचा असतो. सासूबाईंनी नातवाची शाळेची पट्टी बर्फात उभी रोवून फोटो काढले, लागोपाठ तीन दिवस, त्याच दिव्याच्या खांबाजवळ. कौन्सिलमध्ये त्यांनी गावाच्या कारभारावर भाष्य वगैरे केलं नाही. फोटो दाखवले आणि एकच मागणी केली: सफाईचा क्रम बदला, वाचनालयाची बाजू आधी घ्या. एका कौन्सिलरने विचारलं, याला पैसे किती लागतील? सासूबाई म्हणाल्या, ट्रॅक्टर तोच, वळवायचा फक्त उलटा. मी भाषांतर करेपर्यंत तिथला रस्ते खात्याचा माणूस हसायला लागला होता, हातवाऱ्यांवरून त्याला कळलंच होतं. विषय रिपोर्टसाठी स्टाफकडे गेला आणि पुढच्या हिवाळ्यात क्रम बदलला.

यातून घेण्यासारखं इतकंच की मागणी एक असावी आणि ती त्या कौन्सिलच्या हातात असावी. विषय मोठा असेल तर एखाद्या कौन्सिलरला ‘रेकॉर्डेड व्होट’ मागायला सांगा. एका सदस्याने मागितलं तरी प्रत्येकाचं मत नावानिशी नोंदवावं लागतं. हात वर करून विसरून जायची सोय मग राहत नाही. आणि साइडवॉकवर किंवा रस्त्यावर पडून लागलं, तर गावाला १० दिवसांच्या आत लेखी कळवावं लागतं. घरात वयस्कर माणसं असतील तर ही मुदत विसरू नका.

शेजारी काही मोठं उभं राहणार असेल तर अजून जास्त घाई हवी. झोनिंग, म्हणजे जमिनीचा ठरवून दिलेला वापर, बदलायचं असेल तर १२० मीटरच्या आतल्या जमीनमालकांना सार्वजनिक सभेच्या किमान २० दिवस आधी नोटीस मिळते, किंवा गाव ती पेपरात छापतं. पूर्वी कौन्सिलचा निर्णय आवडला नाही तर शेजाऱ्याला प्रांताच्या जमीनविषयक ट्रिब्युनलकडे अपील करता यायचं. २०२४ च्या जूनपासून प्रांताने ती वाट सामान्य शेजाऱ्यांसाठी जवळजवळ बंद केली. म्हणजे ती सभा हीच तुमची शेवटची संधी. तिथे ‘गावाचं गावपण जाईल’ म्हणणाऱ्यांची रांग लागते, ते सगळं वाया जातं. ट्रक कुठून वळणार, पावसाचं पाणी कुणाच्या तळघरात जाणार, विहिरींचं काय, असं विचारलं की प्लॅनर लिहून घेतो. ‘बाहेरचे लोक येतील’ हे कारण मात्र आपण तरी देऊ नये, आपण कुठून आलो ते आठवा.

मेयरच्या नव्या अधिकारांचीही माहिती ठेवा. १ मे २०२५ पासून ऑन्टारिओच्या आणखी १६९ गावा-शहरांना ‘स्ट्राँग मेयर’ कायदा लागू झाला. आपलं गाव त्यात असेल तर बजेट मेयर मांडतो, १ फेब्रुवारीच्या आत. कौन्सिलला बदल सुचवायला ३० दिवस, मेयरला ते फेटाळायला १०, आणि तो नकार दोन तृतीयांश मतांनी उलटवायला १५ दिवस. मला हा कायदा मुळीच पसंत नाही. सात-आठ जणांच्या टेबलावर एकाला एवढं वजन दिलं की उरलेल्यांना गृहपाठ करायचं कारणच राहत नाही. पण आहे तोपर्यंत, बजेटवर बोलायचं तर मार्चमध्ये जाऊन काही हाती लागणार नाही, जानेवारीतच बोला.

मतदानाचं सांगायचं तर नागरिकत्व हवं आणि वय १८. गावात राहणारा, घरमालक किंवा भाडेकरू आणि त्यांचे जोडीदार मत देऊ शकतात, म्हणजे टोरंटोत राहणाऱ्या कॉटेजवाल्यांनाही मत आहे आणि ते वापरतात. ‘माझ्या एका मताने काय होतंय’ म्हणणाऱ्यांना मी आमच्याच काउंटीतलं साउथ ब्रूस दाखवते. अणुकचरा टीस्वॉटरजवळ जमिनीत खोल पुरायला गाव तयार आहे का, यावर २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सार्वमत झालं. होकार ५१.२ टक्के. फरक ७८ मतांचा. चाळीस माणसांनी उलटं मत दिलं असतं तर गावाचं उत्तर बदललं असतं. पुढे ती जागा वायव्य ऑन्टारिओतल्या इग्नेसजवळ ठरली, पण साउथ ब्रूसमध्ये घराघरांत पडलेल्या फटी अजून बुजलेल्या नाहीत.

पुढची निवडणूक २६ ऑक्टोबर २०२६ ला आहे. पक्ष नसतात, चिन्हं नसतात. कौन्सिलसाठी अर्जाला १०० डॉलर, मेयरपदासाठी २००, आणि खर्चाचा हिशोब वेळेवर दिला की ते परत मिळतात. अर्जाची मुदत २१ ऑगस्टला दुपारी दोनला संपते. मोठ्या गावात २५ मतदारांच्या सह्याही लागतात, तुमच्या गावात लागतात का ते क्लार्कला विचारा. आमच्या फार्मसीच्या काउंटरवर रोज ऐकू येणाऱ्या लोकांपैकी दोघं-तिघं तरी उभी राहिली तर मला हवीच आहेत. त्यांतल्या एकाला मी नावानिशी सांगितलंय, आणि तो अजून फक्त खोकल्याचं औषध घेऊन जातो.